दोन पावलांवरून

माझे डोळे गेले असं दादाने भर दुकानात गिऱ्हाइकाला सांगितलं, त्याच आठवड्यात मी शोकेसमधला छोटा कॅमेरा पिशवीत टाकला. चोरला म्हणा हवं तर. दुकान नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दोघांच्या नावावर केलंय. तेव्हा अर्धा तरी तो माझाच होता.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाबिग्नाचे फोटो आम्ही काढत नाही, फक्त ओळखपत्राचे. रस्त्यापलीकडे नोंदणी कार्यालय आहे, त्याच्या जिवावर आमचं चालतं. प्रत्येकाच्या खिशात फोन आला तरी त्या कार्यालयाला पांढऱ्या पडद्यासमोरचा, दोन्ही कान दिसणारा फोटो लागतो, आणि तो आमच्याकडे मिळतो. कामाची वाटणी नानांनी लावून दिलेली. फोटो दादा काढणार. मी आतल्या टेबलावर बसून तो संगणकात उघडणार, पानावर बसवणार, छापणार आणि कटरने कापणार. लहान असताना एकदा कॅमेऱ्याच्या बटणाला मी बोट लावलं होतं. नानांनी हातावर फटका दिला आणि दादा खिदळला. पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, ती आपापल्या वाटेला लागली, पन्नाशी उलटली, पण त्या बटणाला माझं बोट काही परत लागलं नाही. दादा अजून मला बारकी म्हणतो.

नानांची एक दोरी होती. तिचं एक टोक गिऱ्हाइकाच्या स्टुलाच्या पुढच्या पायाला बांधलेलं, दुसऱ्या टोकाला गाठ. कॅमेऱ्याचं तिकाटणं पुढेमागे करायचं, गाठ भिंगाला टेकली की अंतर बरोबर. भिंगाची कडी चिकटपट्टीने एका जागी आवळून टाकलेली, ती फिरवायचीच नाही. नाना गेले, कॅमेरे बदलले, दोरी मात्र राहिली. हा नवा कॅमेरा आपला आपण फोकस करतो हे मी दादाला सांगून पाहिलं होतं.

"तसली सोय आळशांना," तो म्हणाला होता.

गिऱ्हाईक आलं की दादा दोरी ताणतो, गाठ टेकवतो आणि तीन वाक्यं बोलतो. मान सरळ, हनुवटी थोडी खाली, हसू नका. जो येईल त्याला तीच तीन. एकदा आईच्या मांडीवर झोपलेल्या तान्ह्या पोरालाही त्याने हसू नका म्हणून बजावलं होतं. आणखी एक खोड म्हणजे तो माणसाकडे थेट बघून बोलत नाही. मान जराशी वळवून, कडेने बघतो, समोरचा जणू उधारीवर आलाय. लोक म्हणतात माज आहे. मीही तेच म्हणायचे, आणि मी तर सख्खी बहीण.

मध्यंतरी एका दांडग्या गिऱ्हाइकाखाली जुना स्टूल मोडला. गृहस्थ खाली, स्टूल त्यांच्याखाली, आणि दादा आपला म्हणतोय, मान सरळ. मी आत तोंडात पदर कोंबून हसले. मग सुताराने नवा स्टूल करून दिला. चांगला रुंद, मागे टेकायला पाठ. नानांची दोरी दादाने त्याच्या पायाला बांधली आणि काम पुढे चालू.

त्यानंतर कधीतरी कार्यालयातून फोटो परत यायला लागले. चेहरा अस्पष्ट, असा शिक्का मारून.

"दादा, फोटो पुसट येतायत," मी म्हणाले.

"छपाई नीट कर."

"छपाईचं नाही. स्क्रीनवरच पुसट आहेत."

"मग चष्मा बदल."

असं आठवडाभर चाललं. मी सांगायचे, तो चष्म्यावर यायचा. पालथ्या घड्यावर पाणी. मग एक दिवस एक शाळेतल्या बाई परत आलेला फोटो घेऊन आल्या. बिचाऱ्या आवाज न चढवता बोलत होत्या. दादाने फोटो हातात घेतला, काउंटरवर ठेवला आणि हळू आवाजात, पण मला आत स्वच्छ ऐकू येईल असं म्हणाला, "काय सांगू बाई, बहिणीची नजर गेलीय. तिला तोंडावर सांगवत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसं झालंय आमचं. पुढच्या महिन्यापासून जावई येतोय. आतलं सगळं तोच बघेल."

मला दुकानातून काढल्याचं मला असं कळलं. परक्या बाईला सांगितलेलं, भिंतीआडून.

त्या बाई जाईपर्यंत मी दम धरला. मग बाहेर येऊन काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादा ऐकून घेत होता, मान वळवून, कडेने बघत. शेवटी म्हणाला, "घरी बस, आराम कर. नवऱ्याला दोन वेळा गरम करून घाल." आमचे हे बसगाड्यांचे मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगलं रांधतात. पण मुद्दा तो नव्हता. त्या आतल्या टेबलाशिवाय मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही आहे, हे दादाला पक्कं ठाऊक होतं.

मी चष्मेवाल्याकडे गेले. त्याने डोळे तपासले, आहे तोच नंबर बरोबर असल्याचं सांगितलं. ते मी दादाला येऊन सांगितलं.

"त्याने तुला नवा चष्मा विकला का?" दादाने विचारलं.

"नाही."

"मग त्याला धंदाच कळत नाही. त्याचं काय ऐकतेस."

घरी आल्यावर मी यांच्यापुढे तोफ डागली. हे कांदा चिरत ऐकत होते. "बोलून काय होणार," हे म्हणाले. "एक फोटो धड काढ आणि ठेव त्याच्या नाकासमोर. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

म्हणून तो कॅमेरा. दादाने कधीकाळी विकायला आणलेला आणि कुणी न घेतलेला, साबणाच्या वडीएवढा, मनगटात अडकवायला गोफ. स्टुडिओतल्या कॅमेऱ्याला हात लावू देणार नाही ना, नको देऊस. रस्ता काही नानांनी त्याच्या नावावर केला नव्हता.

रस्त्यावर फोटो काढणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. माणसं काय, चालतच असतात. पहिला फोटो मी आमच्या लाइनीतल्या न्हाव्याचा काढला. तो दारात उभा राहून वस्तरा पुसत होता. मी कॅमेरा डोळ्यापुढे धरला, बटण दाबलं, तर त्यातून टींव आवाज आला आणि वर लख्ख फ्लॅश पडला. न्हावी वस्तरा घेऊनच खाली उतरला.

"काय काढलंत?"

"रस्ता," मी म्हणाले.

"रस्ता तिकडे आहे. मी इकडे आहे." त्याने वस्तऱ्याने दोन्ही दिशा दाखवल्या. "ओळखीच्या आहात म्हणून सांगतो. माझं थोबाड विचारल्याशिवाय न्यायचं नाही."

बसथांब्यावर एका बाईने तर माझं मनगट धरलं. तिच्या हातात केवढी ताकद. "पुसा," म्हणाली. "माझ्यासमोर पुसा. आणि ते कचऱ्याच्या डब्याचं चित्र येतं ना, ते दाबा, मला माहितीय." मी दाबलं. थांब्यावरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि एक म्हातारा म्हणाला की हल्ली बायकासुद्धा असल्या झाल्यात. असल्या म्हणजे कसल्या ते विचारायला मी थांबले नाही. राग माझाच मला आवरेना. आणि त्यातला निम्मा राग ती बाई बरोबर होती याचा होता. मला कुणी असं टिपलं असतं तर मी नुसतं मनगट धरून सोडलं नसतं.

पण सोडणारी मी नव्हे. घरी बसून कॅमेऱ्याचं पोट उघडल्यासारखं एकेक बटण तपासलं. आवाज बंद केला. फ्लॅश बंद केला. मागचा स्क्रीन काळा केला. आणि फोकस हाताने लावायची सोय सापडली, एकदा अंतर ठरवलं की ते हलत नाही. ते बघितलं आणि मला नानांची दोरी आठवली. यांना खुर्चीवर बसवलं, सुतळी घेतली, एक टोक यांच्या नाकाला.

"हे काय चाललंय?" यांनी विचारलं.

"हसू नका," मी म्हणाले.

दोन पावलं, एवढं अंतर मी ठरवलं. मग त्या सुतळीने घरातलं कपाट, दार, नळ, सगळं मोजत सुटले, दोन पावलं म्हणजे किती ते पायांना कळेपर्यंत. पिशवी कोपरात अडकवायची, कॅमेरा पिशवीच्या तोंडाशी तळहातात. डोळ्याला लावायचाच नाही. माणूस दोन पावलांवर आला की अंगठा दाबायचा आणि भाजीचा भाव विचारायला निघाल्यासारखं पुढे जायचं. पन्नाशी उलटलेल्या, पिशवीवाल्या बाईकडे तसंही रस्त्यात कुणी बघत नाही. इतकी वर्षं मला त्याचं वाईट वाटायचं, आता ते कामी आलं. आणि त्या बसथांब्यावरच्या बाईला स्मरून एक पथ्य ठरवलं. कुणाची अब्रू जाईल असं काही टिपायचं नाही.

पंधरवड्यात हाताला वळण लागलं. कार्यालयाच्या पायरीवर एक मुलगा खाली बसून बापाच्या बुटाची नाडी बांधत होता आणि बाप त्याला वरून शिव्या घालत होता, तो फोटो पहिला धड आला. इतका स्वच्छ की बापाच्या भुवईतले पांढरे केस मोजावेत. मी तो मोठा छापला आणि सकाळी दुकान उघडल्याबरोबर दादासमोर ठेवला.

दादाने तो खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला, मान इकडे वळवली, तिकडे वळवली. चांगला मिनिटभर.

"पुसट आहे," म्हणाला.

"कुठे पुसट?"

"मधे. कडा बऱ्या आहेत. मधे काही नाही."

मी फोटो हिसकावून घेतला आणि आत जाऊन पुन्हा पाहिला. मधे बापाचा चेहरा होता, माझ्या मते चांगला खणखणीत. पण दादा आयुष्यभर फोटो काढत आलेला, आणि मी कापत आलेली. मला वाटलं, त्याला नुसतं फोकसचं म्हणायचं नसेल. मधे काही नाही म्हणजे फोटोत जीव नाही. मनात चडफडले, पण शब्द डोक्यात बसला.

मग मी मधे भरायला लागले. आणखी जवळ गेले. रस्त्यात भांडणारे नवरा-बायको, गाडीखाली झोपलेला मेकॅनिक, तोंडात पिना धरून उभी शिंपीण. रोज एक फोटो दादापुढे, आणि रोज तेच. कडा बऱ्या, मधे काही नाही. एकदा तर म्हणाला, "तुझ्या फोटोत मधे कधी काही नसतंच बारकी. तो तुझा स्वभाव आहे." त्या दिवशी मी जेवले नाही. हे म्हणाले, फोटो झकास आहेत. मी म्हणाले, तुम्हाला काय कळतंय, तुमचं आयुष्य गाडीखाली गेलं. असं दादाचं खाऊन मी यांच्यावर ओकत होते. आणि खरी गंमत ही की फोटो दिवसेंदिवस सुधारत होते.

महिना संपत आला. उद्यापासून जावईबापू येणार, असं दादाने मला पुन्हा एकदा भिंतीआडून ऐकवलं. संध्याकाळी मी चिडूनच बाहेर पडले. चौकात दिवे लागले होते, सुटलेल्या कचेऱ्यांची माणसं लोंढ्याने रस्ता ओलांडत होती, आणि मी पलीकडच्या कडेला उभी राहून समोर येईल त्याला टिपत होते. एक गेला, दुसरा गेला, आणि तिसरा दादा होता.

दोन पावलांवर दादा. कधी नव्हे ते थेट माझ्या तोंडाकडे बघत. मी इतकी दचकले की अंगठा आपोआप दाबला गेला. आता शिव्या पडणार, कॅमेरा कुठला म्हणून विचारणार, चव्हाट्यावर तमाशा होणार, असं वाटून मी तोंड उघडायला लागले. दादा मला घासून पुढे निघून गेला. भुवईसुद्धा हलली नाही.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात लाह्या फुटत होत्या. सख्ख्या बहिणीला रस्त्यात ओळख दाखवायची नाही. दुकानातून काढलं ते काढलं, आता नात्यातूनही काढलं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, गर्दीत दिसली नसशील. दोन पावलांवर, मी ओरडले, दोन पावलांवर. हवं तर सुतळी आणून मोजून दाखवते. मग संगणकावर तो फोटो उघडला. दादाचा चेहरा पडदाभर. डोळे सरळ माझ्यात. मी त्या डोळ्यांकडे बघत बसले आणि ठरवलं, उद्या हाच मोठा छापायचा. जावयासमोर त्याच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, हा माणूस बहिणीला का ओळखत नाही ते सांग.

सकाळी जावईबापू माझ्या खुर्चीत बसलेले. पोरगा गरीब आहे, मला बघून उठला. "आत्या, बसा ना," म्हणाला. मी बसले नाही. येताना बाहेरून छापून आणलेला फोटो गुंडाळीतून काढला आणि दादापुढे आपटला.

"हा बघ," मी म्हणाले. "आणि बोल काय बोलायचंय ते."

दादाने तो खिडकीशी नेला. जवळ, लांब, इकडे, तिकडे. जावईबापू त्याच्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले.

"कडा बऱ्या आहेत," दादा म्हणाला. "मागचे दिवे चांगले धरलेस. मधे काही नाही."

"काही नाही?"

"आहे कुणीतरी. बाई दिसतेय. पण चेहरा कुठाय? पुसट. किती वेळा सांगायचं."

"बाई आहे?"

"बाई नाहीतर बुवा. काय फरक पडतो, फोटो वाया गेलाय."

"बाबा," जावईबापू म्हणाले. त्यांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा सासऱ्याकडे, मग माझ्याकडे. दुकानात फक्त छपाईच्या यंत्राची घरघर. ती शांतता दादाला ऐकू आली. त्याने फोटो खाली केला आणि बोटांनी त्याच्या मधोमध चाचपलं. छापलेला चेहरा हाताला थोडाच लागतो.

"कुणाचा आहे?" त्याने विचारलं.

"तुझा," मी म्हणाले.

 दादा नेहमीच्या आवाजात म्हणाला, "जावईबापू, जरा कोपऱ्यावर चहा सांगून या." ते चहाला एवढ्या घाईने गेले की एक चप्पल दारातच राहिली.

मला दया यायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. नाही आली. माझ्या डोक्यात ते सगळे फोटो एकामागून एक येत होते. नाडी बांधणारा मुलगा, पिना धरलेली शिंपीण, कडा बऱ्या, मधे काही नाही. त्याने त्यातला एकही पाहिला नव्हता. त्याला कशातच मधलं दिसत नव्हतं, आणि तो मला माझा स्वभाव सांगत होता. माणसाकडे कडेने बघायचा तोही माज नव्हता, कडेनेच काय ते दिसत होतं. आणि हाच माणूस माझी नजर गेली म्हणून गिऱ्हाइकांना सांगत होता. चोराच्या उलट्या बोंबा.

मी सरळ स्टुलापाशी गेले. त्यावर बसले, पाठ टेकली, आणि दोरी बघितली. जुन्या स्टुलाला पाठ नव्हती, माणूस पुढच्या पायाच्या बरोबर वर बसायचा. या स्टुलावर माणूस वीतभर मागे रेलतो. दोरी अजून पायापासून मोजत होती. पाय स्वच्छ येत होता, चेहरा पुसट.

"नवा स्टूल आल्यापासून फोटो बिघडलेत," मी म्हणाले. "डोळ्याने एकदा जरी बघितलं असतंस तरी कळलं असतं. कधीपासून बघितलं नाहीस?"

"नानांनी कधीपासून बघितलं नव्हतं, ते विचार आधी," दादा म्हणाला.

मला कळायला जरा वेळ लागला.

"दोरी काय नानांनी हौस म्हणून बांधली होती?" तो म्हणाला. "चाळिशीनंतर त्यांना माणसाचं तोंड दिसेनासं झालं. जिकडे बघावं तिकडे मधोमध डाग. मला सांगितलं, तुझ्या आईलासुद्धा बोलू नकोस. मग मला झालं. दोरी होतीच."

"मला नाही झालं."

"नाही. तुला नाही झालं."

"मग कॅमेरा मला का नाही दिला? घरात धड डोळ्यांची एक जोडी होती ना. नानांनी मारलं तेव्हा हसत होतास. मी आत बसून तुमचे चेहरे कापत होते, आणि बाहेर दोन आंधळे फोटो काढत होते."

"तुझ्या हातात गेला असता तर मी काय केलं असतं बारकी?"

"मी केलं ते," मी म्हणाले. "कापत बसला असतास."



तेवढ्यात दारात त्या शाळेतल्या बाई आल्या. हातात पुन्हा परत आलेला फोटो. आज शेवटचा दिवस आहे, कार्यालयाची खिडकी दुपारी बंद होणार, फोटो दिला नाही तर अर्जच बाद होईल, असं त्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज थोडा चढला होता. दादा सवयीने उठला, सवयीने वाकला आणि दोरी हातात घेतली.

"सोड ती," मी म्हणाले. बाईंना म्हणाले, "पाच मिनिटं बाकावर बसा. आजचा फोटो परत येणार नाही. आणि माझे डोळे ठणठणीत आहेत, हेही ऐकून ठेवा." त्यांनी दादाकडे बघितलं. दादा गप्प राहिला, म्हणजे कबूल झाला.

जावईबापू चहा घेऊन आले. त्यांना मी आतला कटर दाखवला. "कापायचं काम तुमचं," म्हणाले. "बोट सांभाळा." तो बिचारा मान हलवून आत गेला.

दोरी मी स्टुलाच्या पायापासून सोडली आणि केराच्या डब्यात टाकली. भिंगाच्या कडीवरची चिकटपट्टी नखाने उचकटली. किती थर होते. कॅमेरा नानांच्या वेळचा नव्हता, तरी पट्टी आवळायची रीत त्यांचीच. बाईंच्या आधी एकदा अंतर बघायला हवं होतं.

"दादा, बस स्टुलावर," मी म्हणाले.

"मी कशाला?"

"दुसरं कोण आहे रिकामं?"

तो चाचपत गेला आणि बसला. आपल्याच स्टुलावर तो आधी कधी बसला नसावा, पाठ कुठे आहे ते त्याला सापडेना. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. दादाने मान वळवली होती. कडेने माझ्याकडे बघत होता, सगळ्या गिऱ्हाइकांकडे बघायचा तसा.

"मान सरळ," मी म्हणाले.

"सरळ केली की तू दिसत नाहीस."

"मी दिसायची गरज नाही. फोटो तुझा आहे."

त्याने मान सरळ केली. मी कडी फिरवली. चेहरा पुसट होता, मग कमी पुसट, मग एकदम पापण्या दिसल्या, दाढीचे राहिलेले खुंट दिसले, आणि दोन उघडे डोळे, काल चौकात होते तसेच, माझ्या पलीकडे कुठेतरी लागलेले. त्याची हनुवटी हलत होती. मी थांबले.

"बारकी," तो म्हणाला. "आहेस ना तिथे?"

इतकी वर्षं मी चार पावलांवर, भिंतीआड बसून होते, तेव्हा त्याने हे कधी विचारलं नव्हतं. हनुवटी स्थिर झाल्यावर मी बटण दाबलं.